बोरूचा कोन कोडमध्ये फिरवताना

हलणारी अक्षरं करायची म्हणून मी आधी ॲनिमेशन शिकायला बसले आणि त्यात दोन महिने घालवले. खरी वाट सापडली ती बोरू हातात घेतल्यावर.

बोरूचं टोक गणितात मांडलं तर ती एक छोटी रेघ असते: लांबी ठरलेली, कोन ठरलेला. अक्षराचा सांगाडा बिंदूंनी मांडायचा आणि प्रत्येक बिंदूवर ती रेघ ओढत जायचं, की वळणांची जाडी-बारीकी आपोआप उमटते. ‘प्रोसेसिंग’ या चित्रं काढण्यासाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत याला वीस-पंचवीस ओळी पुरतात, आणि ते फुकट मिळतं. मात्र देवनागरीच्या बोरूचा काप रोमन लेखणीच्या उलट झुकतो. इंग्रजी अक्षरांसाठी लिहिलेलं कोड तसंच उचललं, तर आपलं अक्षर परकं दिसतं.

मी ‘ळ’ घेतला आणि कोन सावकाश फिरवू लागले. दोन्ही गाठी आळीपाळीने जाड-बारीक होताना पाहून फार आनंद झाला. पण मध्येच शिरोरेघ नाहीशी व्हायची! कोडमध्ये चूक शोधत रात्र गेली, चूक नव्हतीच. टोक आडवं झालं की आडव्या रेघेला जाडीच उरत नाही. तेव्हापासून मी कोन ३० ते ६० अंशांतच ठेवते, किंवा शिरोरेघेला वेगळं, स्थिर टोक देते.

पुढचा टप्पा व्हेरिएबल फॉन्ट, म्हणजे एकाच फाइलमध्ये अक्षराचं एक रूप सलग दुसऱ्या रूपात बदलू देणारा फॉन्ट. हे तंत्र २०१६ मध्ये ‘ओपनटाइप’ या फॉन्टच्या प्रमाण स्वरूपाच्या १.८ आवृत्तीबरोबर आलं. यात अक्षराच्या पहिल्या आणि शेवटच्या आराखड्यांत बिंदू तेवढेच आणि त्याच क्रमाने हवेत. बिंदू सरळ रेषेत सरकतात, बोरूचं टोक मात्र गोल फिरतं. म्हणून ६० अंशांच्या फेऱ्यात मध्यावर टोक सुमारे १३ टक्के आखूड होतं आणि अक्षर रोडावतं. तिथे मधला तिसरा आराखडा काढून द्या.

शब्द हलवताना एकेक अक्षर सुटं काढू नका. ‘कि’ची वेलांटी ‘क’च्या उजवीकडे जाऊन पडते, जोडाक्षरं फुटतात. ‘हार्फबझ’ या अक्षरं जुळवून देणाऱ्या सॉफ्टवेअरकडून आधी मांडणी करून घ्या, मगच आकारांना हात लावा.

सुरुवात ‘ग’पासून करा: एक काना, एक वळण, वर शिरोरेघ. मग ‘म’, मग ‘ळ’. ‘क्ष’ निदान पहिला महिनाभर बाजूला ठेवा.