जतन न केलेले इतिवृत्त परत मिळाले

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेचे इतिवृत्त वर्डमध्ये टंकून झाल्यावर मी घाईत ‘डोन्ट सेव्ह’ दाबले आणि नावही न दिलेली ती चार पानांची फाइल बंद झाली. रीसायकल बिन धुंडाळणे व्यर्थच होते, कारण जे कधी जतनच झाले नाही ते तिथे जाणार कसे? शेवटी ‘फाइल’, ‘इन्फो’, ‘मॅनेज डॉक्युमेंट’ या वाटेने ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’पर्यंत पोहोचलो, तेव्हा एएसडी प्रकारची, म्हणजे वर्डने आपोआप राखलेल्या प्रतीची, एकच फाइल दिसली, ही प्रत तात्पुरती असल्याने ती उघडताच आधी ‘सेव्ह अ‍ॅज’ने नाव देऊन ठेवली. अशी प्रत आपोआप नोंदवण्याचे वर्डमधले अंतर मुळात 10 मिनिटांचे असल्यामुळे शेवटचा ठराव मात्र सूचक-अनुमोदकांसह पुन्हा लिहावा लागला. आता ते अंतर 2 मिनिटांवर आणले आहे.