मराठी ॲप बनवताय? मग स्क्रीन आधी मराठीतच काढा

बऱ्याच ठिकाणी काय होतं, फिग्मात (स्क्रीन डिझाइन करायचं सॉफ्टवेअर) सगळ्या स्क्रीन इंग्रजीत काढून होतात, कोडिंग संपत आलं की कोणीतरी एक्सेल शीट पाठवतं आणि शेवटच्या आठवड्यात त्यात मराठी भरून टाकतात. मग बटणात शब्द मावत नाहीत, मात्रा कापल्या जातात आणि वापरणारा माणूस वैतागून भाषा इंग्रजी करतो नाहीतर ॲपच काढून टाकतो. म्हणून पहिल्या स्केचपासून खरा मराठी मजकूर टाका, लोरेम इप्सम (जागा भरायला टाकतात तो निरर्थक लॅटिन मजकूर) नकोच.

फॉन्टपासून सुरुवात करा, मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी दोन्ही फुकट आहेत आणि चांगले आहेत. लाइन हाइट (एका ओळीची उंची, अक्षरांच्या साइजच्या किती पट) इंग्रजीसारखी 1.2 ठेवलीत तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफाराला जाऊन चिकटतो, त्यामुळे 1.5-1.6 पासून सुरू करा आणि 'कर्तृत्व', 'राष्ट्रीयीकृत' असले शब्द टाकून बघा. लेटर स्पेसिंग (अक्षरांमधलं जादा अंतर) शून्यच ठेवा, नाहीतर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे दिसतात (तयार डिझाइन सिस्टीममध्ये, म्हणजे बटणं-फॉन्टच्या ठरलेल्या संचात, हे हमखास राहून जातं). आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे हेडिंग उठून दिसायला साइज आणि वेट (अक्षरांचा जाडपणा) वापरा. आणि वेब असेल तर लँग ॲट्रिब्यूट (पानाची भाषा सांगणारी कोडमधली खूण) मराठीचा द्या, म्हणजे ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वाट बघायला लावणं. वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी 1993 मध्ये मांडलेले आकडे आजही कामाचे आहेत, 0.1 सेकंदात उत्तर आलं तर लगेच झाल्यासारखं वाटतं, 1 सेकंदापर्यंत विचार तुटत नाही, 10 सेकंदांच्या पुढे लक्ष उडतं. पैसे पाठवताना नुसतं गोल फिरणारं चक्र दाखवणं मला तरी क्रूरपणा वाटतो, कारण समोर दुकानदार उभा असतो, नेटवर्क गेलेलं असतं आणि पैसे कापले की नाही तेच कळत नाही. तिथे स्पष्ट लिहा, "पैसे अजून अडकलेत, पुन्हा पाठवू नका", आणि पुढे कधी कळेल, कुठे बघायचं तेही त्याच स्क्रीनवर द्या. "काहीतरी चूक झाली" एवढंच लिहून सोडू नका, त्याने माणूस घाबरतो.

बटणं अँड्रॉइडवर निदान 48 डीपी (अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), आणि मजकुराचा कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्या उजळपणातला फरक) 4.5:1 च्या खाली नको, उन्हात उभं राहून फोन बघणारे खूप आहेत.

लोकांना अडकवून ठेवणं म्हणजे एंगेजमेंट नाही हां. गुपचूप टिक केलेले बॉक्स, लपवलेलं अनसबस्क्राइब असल्या 13 डार्क पॅटर्न्सवर (लोकांना फसवणाऱ्या डिझाइनच्या युक्त्यांवर) केंद्र सरकारने 2023 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्या डिझायनरने वाचायलाच हव्यात.

शेवटी पाच जणांच्या हातात फोन द्या, त्यात निदान दोघं असे घ्या जे रोज मराठीतच टाइप करतात, एक काम सांगा आणि गप्प बसा. ते अडकले तरी मदत करू नका, बोट कुठे थांबलं ते लिहून घ्या आणि आधी तीच स्क्रीन दुरुस्त करा.