नाशिकहून अमेरिकेत निघालेल्या पोरांनो, टॅक्सचं एवढं ऐकून जा

सध्या महिनाभर नाशकात आहे, गंगापूर रोडला आईकडे, आणि ऑगस्टात एमएसला निघालेली ओळखीतली पोरं भेटायला येतायत, कुकर न्यायचा का, मसाला किती न्यायचा सगळं विचारतात पण टॅक्सचं कुणीच नाही. परवा आलेला पिंपळगावचा, घरी द्राक्षबाग, शेतीच्या उत्पन्नाला आपल्याकडे इन्कम टॅक्स नाही त्यामुळे घरात रिटर्न कुणी कधी भरलेलंच नाही, त्याला कुठून माहीत असणार!

तर तिकडे कॅम्पसवर काम केलंत की जानेवारीअखेरपर्यंत डब्ल्यू-२ मिळतो, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कागद, आपल्या फॉर्म १६ सारखा. तेच आकडे सरकारकडेही जातात, तरी १५ एप्रिलपर्यंत हिशोब तुम्हीच करायचा, आणि बहुतेक राज्यांचा वेगळा (टेक्सास, फ्लोरिडात नाही). एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, पहिली ५ कॅलेंडर वर्षं टॅक्सच्या हिशोबाने साधारणपणे नॉनरेसिडेंट, म्हणजे रिटर्नचा फॉर्म १०४०-एनआर, आणि कमाई शून्य असली तरी तिकडे किती दिवस राहिलात ते सांगणारा फॉर्म ८८४३ भरायचाच. या काळात सोशल सिक्युरिटी-मेडिकेअरचे (तिकडची सरकारी पेन्शन आणि म्हातारपणीचा आरोग्यविमा) ७.६५ टक्के कापायचे नसतात, पहिली पगाराची स्लिप नीट बघा.

मी पहिल्या वर्षी जाहिरात बघून एका सॉफ्टवेअरवर भरलं, त्यात रेसिडेंटचा फॉर्म गेला, रिफंड जास्त आला. चूक कळल्यावर व्हिसाच्या भीतीने दोन रात्री झोप नाही, मग १०४०-एक्स, म्हणजे दुरुस्तीचं रिटर्न, भरून पैसे व्याजासकट परत केले. माझ्या पगाराचा आकडा सरकारकडे आधीपासून होता हो!

म्हणून माझं ठाम मत आहे की नोकरदाराचा हिशोब सरकारनेच करून पाठवावा. स्वीडन, डेन्मार्कमध्ये पाठवतात. अमेरिकेत १९८५ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष रेगननी असा प्रस्ताव मांडला होता, झालं नाही. आयआरएसचं, म्हणजे तिकडच्या टॅक्स खात्याचं, रिटर्न भरायचं फुकट डायरेक्ट फाइल २०२४ ला १२ राज्यांत आलं, पुढच्या वर्षी २५, आणि २०२६ ला बंद. आपल्याकडे निदान पोर्टलवर रिटर्न आधीच भरलेलं दिसतं, एआयएसमध्ये, म्हणजे टॅक्स खात्याकडच्या आपल्या वर्षाच्या माहितीपत्रकात, व्याज, डिव्हिडंड सगळं असतं.

पण डोळे मिटून सही नको. काल आईचं एआयएस उघडलं, तर मावशीबरोबरच्या जॉइंट एफडीचं सगळं व्याज आईच्या पॅनवर, पैसे मावशीचे पण पहिलं नाव आईचं ना! तिथेच फीडबॅकमध्ये हे दुसऱ्या पॅनचं आहे असं टाकलं, आई शेजारी चष्मा लावून प्रत्येक ओळ पासबुकाशी ताडून बघत होती. सरकारने मांडावं, आपण तपासावं, एवढंच मागणं आहे माझं. धंदेवाल्यांचं तसं जमणार नाही, ते वेगळं.

अजून एक, पुढे टॅक्सच्या हिशोबाने रेसिडेंट झालात की भारतातली सगळी खाती, एफडी धरून, वर्षात कधीही मिळून १०,००० डॉलरच्या वर गेली तर एफबार, म्हणजे परदेशातल्या खात्यांची माहिती अमेरिकन सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो. त्यात टॅक्स नाही, फक्त कळवायचं, पण दंड मोठा आहे.

पिंपळगावच्या पोराला आईकडची जाड फाइल दिलीय, पासपोर्ट, आय-२० (कॉलेजचा व्हिसासाठीचा कागद), आय-९४ (अमेरिकेत शिरल्याची नोंद) आणि दर वर्षीचा डब्ल्यू-२ त्यातच ठेव म्हटलं. अमेरिकेत येण्याजाण्याच्या तारखा पहिल्या पानावर लिहीत जा, ८८४३ मध्ये दिवस मोजून लिहावे लागतात.