वापरलेली इकोस्पोर्ट घेताय? या चुका टाळा

फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि इकोस्पोर्टचा सेकंडहँड बाजार एका दिवसात बदलला. गाडी मात्र तीच राहिली: २०० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, जड दरवाजे, घाटात विश्वास वाटेल असं स्टिअरिंग, वरच्या व्हेरियंटला सहा एअरबॅग. त्यामुळे तिला आजही गिऱ्हाईक आहे. ‘कंपनी गेली, आता ही गाडी कशाला’ म्हणणारे एका टोकाला, तर ‘एवढ्या पैशात एवढी गाडी’ म्हणत पहिल्याच भेटीत टोकन देणारे दुसऱ्या टोकाला. समोर उभ्या असलेल्या गाडीत नेमकं कोणतं इंजिन आणि कोणता गिअरबॉक्स आहे, हे दोघंही बघत नाहीत. जून २०१३ ते २०२१ या काळात इकोस्पोर्ट या एकाच नावाखाली इतक्या वेगवेगळ्या जोड्या विकल्या गेल्या, की एकीबद्दलचा सल्ला दुसरीला लागू पडत नाही.

‘पेट्रोल ऑटोमॅटिक’ एवढं ऐकूनच हो म्हणणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. नोव्हेंबर २०१७ मध्ये फेसलिफ्ट, म्हणजे बदललेल्या चेहऱ्याचं मॉडेल, आलं. त्याआधीच्या दीड लिटर पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये पॉवरशिफ्ट नावाचा सहा गिअरचा ड्युअल क्लच, म्हणजे आपोआप चालणाऱ्या दोन क्लचचा, गिअरबॉक्स आहे. त्यातले दोन्ही क्लच कोरडे, म्हणजे तेलात न बुडलेले. शहरातल्या रांगत्या ट्रॅफिकमध्ये ते अर्धवट घसरत राहतात आणि तापतात. शिवाय इनपुट शाफ्टचं सील गळलं, तर तेल क्लचवर येतं आणि गाडी थरथरायला लागते. गिअरबॉक्सचा कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे तो चालवणारा छोटा संगणक, दगा देतो तो वेगळाच. तो गेला की कधी अचानक ओढ जाते, कधी काही गिअर गायब होतात, तर कधी गाडी स्टार्टच होत नाही. क्लच पॅक आणि मॉड्यूल दोन्ही करायची वेळ आली, तर खर्च गाडीच्या किमतीच्या मानाने डोईजड होतो.

फेसलिफ्टनंतरच्या पेट्रोल ऑटोमॅटिकमध्ये साधा टॉर्क कन्व्हर्टर (क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा गिअरबॉक्स) आहे, तोही सहा गिअरचाच. त्यामुळे जाहिरातीत दोन्ही सारखेच दिसतात. ओळखायचं कसं? डॅशबोर्डवर उभी ठेवल्यासारखी टचस्क्रीन दिसली, तर गाडी फेसलिफ्टची. छोटी स्क्रीन डॅशमध्ये आत बसवलेली असेल, तर ती जुनी. नोंदणीच्या तारखेवर विसंबू नका, कारण जुन्या स्टॉकमधली गाडी उशिरा पासिंग झालेली असू शकते. आरसीवर उत्पादनाचा महिना असतो, तो पाहा.

जुनी पॉवरशिफ्ट आवडलीच असेल, तर टेस्ट ड्राइव्ह हायवेवर नको, गर्दीत घ्या. वीस-पंचवीस मिनिटं थांबत-थांबत चालवा. डी मध्ये ब्रेकवरचा पाय उचला आणि अॅक्सिलरेटर न देता गाडी सरकू द्या. मग अगदी हलका अॅक्सिलरेटर द्या. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना खडबडीत रस्त्यावर असल्यासारखी थरथर जाणवली, तर क्लच बदलायला आला समजायचं. चढावर थांबून पुन्हा निघा आणि रिव्हर्समध्येही चढवून बघा. गार असताना उत्तम चालणारी गाडी तापल्यावर खरी बोलते. ‘सॉफ्टवेअर अपडेट केलं की जाईल’ असं विक्रेता म्हणाला, तर आधी करून आणा म्हणावं. अपडेटने कधी थोडा फरक पडतो, पण तेलाने माखलेला क्लच काही सुकत नाही.

टॉर्क कन्व्हर्टरवाल्या गाडीत घाबरण्यासारखं काही नाही. साठ हजार किलोमीटरच्या पुढे गेलेली असेल, तर गिअरबॉक्सचं तेल कधी बदललं एवढं विचारा.

टायमिंग बेल्टचा प्रश्न न विचारणं

इंजिनातले व्हॉल्व्ह पिस्टनच्या तालात उघडमिट करायचं काम टायमिंग चेन किंवा बेल्ट करतो. इकोस्पोर्टच्या कोणत्याही इंजिनात टायमिंग चेन नाही, सगळीकडे बेल्टच. मात्र बेल्टचे प्रकार दोन आहेत आणि दोघांची दुखणी वेगळी.

दीड लिटर डिझेल आणि फेसलिफ्टआधीचं चार सिलिंडरचं दीड लिटर पेट्रोल यांत बेल्ट कोरडा आहे. तो तुटला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळतात आणि इंजिन उघडावं लागतं. बेल्ट नुसत्या किलोमीटरने म्हातारा होत नाही, वर्षांनीही होतो. २०१४ ची चाळीस हजार चाललेली डिझेल ‘कमी चाललेली’ म्हणून मिरवते, पण तिच्यातलं रबर दशकभर जुनं असतं. बेल्ट बदललाय असं कुणी सांगितलं तर बिल मागा. त्यावर बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या पुल्या) आणि वॉटर पंपही हवेत. नुसता बेल्ट टाकून जुना वॉटर पंप ठेवला असेल, तर पंप गळला की तेच काम पुन्हा उघडायचं. बिल नसेल तर बदललेलाच नाही असं धरा आणि तेवढी रक्कम किमतीतून वजा करून बोला.

एक लिटर इकोबूस्ट आणि फेसलिफ्टनंतरचं तीन सिलिंडरचं दीड लिटर पेट्रोल यांत बेल्ट इंजिन ऑइलमध्येच फिरतो. याचं आयुष्य जास्त धरलेलं आहे, पण ते ऑइलवर अवलंबून आहे. स्वस्तातलं किंवा भलत्या ग्रेडचं ऑइल पडलं, बदलायला उशीर झाला, की रबर मऊ पडून झडायला लागतं. ते कण ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात, प्रेशर कमी होतं आणि तोटा बेल्टपुरता राहत नाही. म्हणून या दोन इंजिनांत सर्व्हिसची नोंद हीच गाडीची खरी किंमत. दर दहा हजार किलोमीटर किंवा वर्षाला, यातलं जे आधी येईल तेव्हा ऑइल बदललेलं दिसलं पाहिजे. बाहेरच्या गॅरेजमध्ये केलेलं असलं तरी हरकत नाही, पण बिलावर ऑइलची ग्रेड लिहिलेली हवी आणि ती मॅन्युअलशी जुळायला हवी. दोन-तीन वर्षांची नोंदच गायब असेल, तर ती गाडी सोडा. बाजारात दुसऱ्या मिळतात.

इकोबूस्टमध्ये कूलंटही नीट पाहा. इंजिन पूर्ण गार असताना टाकीतली पातळी खुणांच्या मध्ये हवी. पाइपांच्या जोडावर वाळलेला पांढुरका किंवा रंगीत डाग म्हणजे गळती. हे इंजिन एकदा तापलं की सिलिंडर हेडवरच येतं, त्यामुळे ‘थोडं पाणी घालावं लागतं अधूनमधून’ हे वाक्य ऐकलं की नमस्कार करून निघायचं.

गरम इंजिनवर गाडी पाहणं

गेल्या गेल्या बॉनेटला हात लावा. कोमट लागलं, तर तुमच्या येण्याआधी कुणीतरी गाडी चालू करून ठेवली होती. अशा वेळी दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ मागा आणि ‘मी आल्याशिवाय चालू करू नका’ असं स्पष्ट सांगा.

गार डिझेल स्टार्ट करताना इंजिनवरचं प्लास्टिक कव्हर काढून घ्या. इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा, कडक थर असेल, तर सील गळतंय आणि ज्वलनाचा वायू बाहेर येतोय. सोबत ‘फुस्-फुस्’ असा आवाज आणि केबिनमध्ये धुराचा वास येतो. सील स्वस्त असतं, पण त्या थरात चिकटलेला इंजेक्टर काढणं हे कौशल्याचं काम आहे. टर्बोच्या रबरी पाइपांवर तेलाची ओल थोडी चालते, पण पाइप फुगलेला किंवा चिरलेला नको. बीएस ६ डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, आहे. रोज चार-पाच किलोमीटर शहरात फिरलेल्या गाडीत तो काजळीने भरतो. तिला मोकळ्या रस्त्यावर वीस मिनिटं एकसारखी चालवून बघा, कुठला दिवा लागतो का ते पाहा.

तीन सिलिंडरचं पेट्रोल आयडलला थोडं थरथरतं, ते त्याच्या स्वभावातच आहे. पण थरथर स्टिअरिंग आणि सीटपर्यंत येत असेल आणि एसी लावल्यावर वाढत असेल, तर इंजिन माउंटिंग गेलंय. माउंटिंग बदलता येतं. अनेक जण एवढ्यावरून चांगली गाडी नाकारतात, तसं करू नका, भाव करा.

पाचशे-हजार रुपयांच्या स्कॅनरने फक्त इंजिनचे कोड, म्हणजे गाडीच्या संगणकाने नोंदवलेले बिघाड, दिसतात. फोर्डसाठी फोरस्कॅन नावाचं सॉफ्टवेअर आहे. योग्य अडॅप्टर लावला, तर ते गिअरबॉक्स, एबीएस, एअरबॅग असे सगळे मॉड्यूल वाचतं. पॉवरशिफ्टमध्ये यू ०१०१ किंवा पी ०९०२ हे कोड दिसले, तर गिअरबॉक्सच्या मॉड्यूलकडे बोट आहे. कोड एकही नाही, पण ‘रेडिनेस मॉनिटर’ (गाडीने स्वतःच्या तपासण्या पुऱ्या केल्या का, ते सांगणारी नोंद) अपूर्ण दाखवतोय, याचा अर्थ मेमरी नुकतीच पुसलेली आहे किंवा बॅटरी काढून लावली आहे. का, हे विचारा.

मागच्या दरवाज्याकडे दुर्लक्ष

इकोस्पोर्टचं स्पेअर व्हील मागच्या दरवाज्यावर लटकतं आणि दरवाजा बाजूला उघडतो. त्या वजनाने बिजागऱ्यांना ताण बसतो. दरवाजा अर्धा उघडा, मोकळ्या टोकाला धरून वर उचलून बघा. हाताला खटखट लागली, तर बिजागरी झिजली आहे. उजव्या टेललॅम्पमध्ये दडवलेलं हँडल चार-पाचदा वापरून पाहा. दरवाजा दणका न देता लागतो का, रबर सगळीकडून सारखं दाबलं जातं का, तेही बघा. खड्ड्यांच्या रस्त्यावर मागून येणारा आवाज बहुतेक वेळा सस्पेंशनचा नसून या दरवाज्याचाच असतो.

मागून बसलेला धक्का बंपरआधी व्हीलला लागतो आणि व्हील दरवाजा आत ढकलतं. त्यामुळे व्हीलच्या कव्हरचा रंग वेगळा, दरवाज्याच्या कडेची फट वर आणि खाली वेगवेगळी, आतल्या बाजूला पुट्टीचा खरखरीतपणा, यांतलं काहीही दिसलं तर मागचा अपघात शोधा. २०२१ च्या एसई व्हेरियंटला मागे हे व्हीलच नाही. ते चोरीला गेलेलं नाही, कंपनीनेच तसं दिलंय.

पुढच्या बाजूला लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुश वाजतात, पण ते किरकोळ. चाळीस-साठच्या वेगात चाकातून घुमल्यासारखा आवाज आला, तर बेअरिंग. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी सहा-सात वर्षांचा टायर खर्चातच धरा.

‘पार्ट मिळतात का?’ एवढंच विचारणं

या प्रश्नाला ‘मिळतात’ हेच उत्तर येतं आणि ते खोटंही नसतं. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, सस्पेंशनचा माल, डिझेल इंजिनचे भाग यांची अडचण नाही. तेच डिझेल फिगो, अॅस्पायर आणि फ्रीस्टाइलमध्येही होतं, त्यामुळे ते खोलणारा मेकॅनिकही सापडतो. अडतं ते फक्त इकोस्पोर्टच्याच असलेल्या वस्तूंवर: हेडलॅम्प, बंपर, मागचा दरवाजा, काचा, टचस्क्रीन, इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल. जुन्या चेहऱ्याचा बंपर आणि हेडलॅम्प नव्या चेहऱ्याला बसत नाहीत, हेही लक्षात ठेवा. म्हणून गाडीत आत्ता जे तुटलंय त्याचीच यादी करा आणि सर्व्हिस सेंटरला चॅसी नंबर देऊन प्रत्येक पार्टची किंमत आणि यायला लागणारे दिवस विचारून घ्या. त्याच फोनवर रिकॉलचं, म्हणजे दोष काढायला कंपनीने गाड्या परत बोलावल्याचं, काम बाकी आहे का तेही कळतं. दुसरी चावी नसेल तर तीही या यादीत घाला.

इन्शुरन्सचा मुद्दा इथेच येतो. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या (पॉलिसीत धरलेल्या गाडीच्या किमतीच्या) ७५ टक्क्यांच्या वर गेला, की विमा कंपनी गाडी टोटल लॉसमध्ये काढते. प्रीमियम वाचवायला आयडीव्ही खाली ओढली, तर मध्यम अपघातातही चांगली गाडी भंगारात जाऊ शकते. विक्रेत्याचा एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याबरोबर जातो. पॉलिसी १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या.

कागद शेवटी बघणं

दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, त्यामुळे तिकडच्या डिझेल इकोस्पोर्ट इकडे स्वस्तात येतात. गाडी वाईटच असते असं नाही. पण आरटीओची एनओसी, महाराष्ट्रातला रोड टॅक्स, नवा नंबर हे सगळं धरलं, की स्वस्ताई बरीच आटते. एनओसी हातात नसताना पैसे देऊ नका.

इथल्याच गाडीसाठी आरसीवरचा बँकेचा बोजा, थकलेली ई-चलन, पीयूसी आणि १ एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर) प्लेट आहे का, हे सौदा ठरण्याआधी तपासा. बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हवा. ट्रान्सफरसाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात. कोऱ्या फॉर्मवर सह्या घेऊन गाडी तशीच फिरवणारे एजंट पुष्कळ आहेत. त्यांच्या साखळीत अडकलात तर चलन भलत्याच्या नावावर आणि गाडी तुमच्या दारात, अशी गत होते. ठरलेल्या रकमेतला काही भाग आरसी तुमच्या नावावर होईपर्यंत राखून ठेवा आणि ते सौद्याच्या कागदावर तारखेसह लिहून घ्या.