रेणुसूत्रावरून हायड्रोकार्बनचे नाव कसे ठरवावे

हायड्रोकार्बनचे, म्हणजे फक्त कार्बन व हायड्रोजन असलेल्या संयुगाचे, रेणुसूत्र (रेणूत कोणते अणू किती, हे सांगणारे सूत्र) हाती आले, की प्रथम फक्त कार्बनचे अणू मोजावेत, कारण नावाचा पूर्वार्ध त्यांवरूनच ठरतो: १ असल्यास मिथ, २ इथ, ३ प्रोप, ४ ब्युट, पुढे पेंट, हेक्झ अशी संख्यावाचक रूपे येतात, त्यामुळे घोकायचे ते खरे तर पहिले चारच. नंतर कार्बनच्या संख्येची दुप्पट हायड्रोजनशी ताडून पाहावी. हायड्रोजन तिच्याहून २ अधिक असल्यास ‘एन’, तेवढेच असल्यास ‘ईन’ आणि २ कमी असल्यास ‘आइन’ हा प्रत्यय लागतो.

समजा, सूत्रात ३ कार्बन व ८ हायड्रोजन आहेत. तिनाची दुप्पट ६, हायड्रोजन त्याहून २ अधिक, म्हणून ते प्रोपेन. हायड्रोजन ६ असते तर प्रोपीन, ४ असते तर प्रोपाइन.

मात्र ही रीत सरळ शृंखला आणि कार्बन अणूंमध्ये फार तर एकच दुहेरी किंवा तिहेरी बंध गृहीत धरते. ३ कार्बन व ६ हायड्रोजन हे सूत्र वलयाकार सायक्लोप्रोपेनचेही असते. ४ कार्बन व १० हायड्रोजन असतील तर सरळ शृंखलेचे ब्युटेन आणि शाखा असलेले आयसोब्युटेन हे दोघेही दावेदार ठरतात, आणि स्वयंपाकाच्या गॅसमध्ये तर ते एकत्रच नांदतात. अशा वेळी रचनासूत्र (अणू एकमेकांना कसे जोडले आहेत, हे दाखवणारे सूत्र) पाहिल्याशिवाय नाव लिहू नये.