पद्मिनीत जिप्सीचं इंजिन बसवताय? या चुका टाळा

"बसेल का?" हा प्रश्न विचारूच नका. बसतं. चेन पुलीला लटकवलेलं मारुती जिप्सी किंगचं १२९८ सीसीचं एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल घेणारं) इंजिन प्रीमियर पद्मिनीच्या बॉनेटखाली संध्याकाळपर्यंत उतरतं, त्याचे फोटोही निघतात. आणि मग गाडी वर्षभर ताडपत्रीखाली पडून राहते, कारण इंजिन सोडून बाकी कशाचाच विचार झालेला नसतो. मूळच्या १०८९ सीसीची ताकद जेमतेम ४० अश्वशक्ती, नव्याची ८०. दुप्पट ताकद घालताय, तर तिच्या मागेपुढे जे जे येतं ते आधी बघा.

कागद शेवटी बघू

नाही, कागद आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितलं. इंजिन बदलायचं तर आरटीओची परवानगी आधी, लेखी आणि आरसी बुकात नोंद होईल अशी हवी. "आमच्या ओळखीचा एजंट आहे" ही परवानगी नव्हे. अपघात झाला की विमा कंपनी पहिल्यांदा इंजिन नंबरच ताडून बघते. परवानगी मिळत नसेल तर ती गाडी खासगी जागेतली किंवा ट्रॅकवरची, हे मान्य करून पुढे जा.

दुसरं म्हणजे, ५० वर्षांवरच्या खासगी गाड्यांना २०२१ पासून व्हिंटेज नोंदणी मिळते, पण गाडी मूळ रूपात असली तरच. तेव्हा हाताशी डुक्कर फियाट किंवा जुनी डिलाइट (पद्मिनीच्या आधीच्या फियाट ११००) असेल तर कृपा करून तिला हात लावू नका. नंतरची, मूळ इंजिन आधीच गेलेली पद्मिनी शोधा. आणि काढलेलं इंजिन भंगारात न टाकता तेल भरून, प्लगची भोकं बंद करून ठेवा.

स्वस्त मिळालं म्हणून चुकीचं इंजिन

मारुती एस्टीमचं इंजिन त्याच घराण्यातलं आणि भंगार बाजारात सहज मिळणारं. पण एस्टीमचं इंजिन आडवं बसतं, त्याचा गिअर बॉक्स आणि डिफरन्शियल (दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरचा संच) एकाच डब्यात. पद्मिनीला इंजिन उभं हवं, म्हणजे जिप्सीचा गिअर बॉक्स वेगळा शोधणं आलंच. मारुतीच्याच ईको आणि व्हर्सा पद्मिनीसारख्या मागच्या चाकांवर चालतात, त्यामुळे चालण्यासारख्या आहेत. मात्र ती इंजिनं सीटखाली बसण्यासाठी मांडलेली असतात, बॉनेटखाली आणताना संप (इंजिनाखालची तेलाची ताटली), इनटेक आणि पाण्याचे पाइप पुन्हा तपासावे लागतात. सगळ्यात कमी डोकेदुखी संपूर्ण जिप्सीत: इंजिन, गिअर बॉक्स, पूर्ण वायरिंग, ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), पॅडल, सगळं एकाच गाडीतून घ्यायचं.

जिप्सीच्या बाबतीत एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते. तिची ट्रान्सफर केस (चारही चाकांना ताकद देणारा गिअरचा डबा) गिअर बॉक्सपासून सुटी असते, त्यामुळे ती काढून टाकणं सोपं. पण तिच्या 'हाय'मध्येही (नेहमीच्या रस्त्यावरच्या गिअरात) १.४ च्या आसपास रिडक्शन असतं, म्हणजे फेऱ्या तेवढ्या पटीने कमी होतात. ती गेली की जिप्सीची ओढ आता पद्मिनीच्या डिफरन्शियलवरच अवलंबून राहते. म्हणून त्याचा रेशो मोजा. गिअर न्यूट्रलला, मागची बाजू उचललेली, एक चाक घट्ट धरायचं, दुसरं बरोबर दोन फेऱ्या फिरवायचं आणि प्रॉपेलर शाफ्टच्या (गिअर बॉक्सकडून मागे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) फेऱ्या मोजायच्या. समजा ४.३ आल्या आणि टायरचा एक वेढा १.८५ मीटर असला, तर चौथ्या, सरळ गिअरात ३००० आरपीएमला सुमारे ७७ किमी वेग मिळेल. हे गणित कागदावर पाच मिनिटांचं आहे, आणि तरीही कोणी करत नाही.

संप, कोन आणि ती थरथर

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा सविस्तर.

इंजिन खाली सोडलं की संप पुढच्या क्रॉसमेंबरला (गाडीखालच्या आडव्या आधाराला) अडतो. घाईतला माणूस काय करतो? फाउंडेशनखाली (इंजिन ज्यावर बसतं त्या रबरी आधारांखाली) पट्ट्या घालून इंजिनाचं तोंड वर उचलतो. संप सुटतो, बॉनेटही कसंबसं लागतं. पण पुढचं तोंड वर गेलं म्हणजे गिअर बॉक्सची शेपटी खाली गेली, आणि शाफ्टचे कोन बिघडले.

एका पद्मिनीचा प्रवास असा झाला. ६५ किमीला थरथर सुरू, ८० ला आरशात मागचं काही दिसेना. आधी टायर बदलले. मग चाकं बॅलन्स केली. मग शाफ्ट लेथवर, एकदा नव्हे दोनदा. शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या जॉइंटचे (सांध्यांचे) क्रॉस नवे. थरथर तशीच. शेवटी कोणीतरी कोन मोजायचं मनावर घेतलं: गिअर बॉक्स मागच्या बाजूला ७ अंश खाली झुकलेला, डिफरन्शियलचं नाक वर फक्त २ अंश. ५ अंशांचा फरक. एवढ्या फरकात दोन जॉइंट एकमेकांचा झोल खोडून काढूच शकत नाहीत, मग शाफ्ट कितीही बॅलन्स करा. उपाय तोच झाला जो पहिल्या दिवशी व्हायला हवा होता: संप कापून, क्रॉसमेंबरच्या जागी उथळ आणि मागे खोल करून वेल्ड केला, त्याप्रमाणे तेलाची जाळीही सरकवली. इंजिन खाली बसलं, गिअर बॉक्सचा कोन ४ अंशांवर आला, आणि पाट्यावर (मागच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) १ अंशाची पाचर घालून डिफरन्शियलचं नाक ३ वर नेलं.

लक्षात ठेवायचं ते एवढंच. गिअर बॉक्सचा आणि डिफरन्शियलचा शाफ्ट एकमेकांना जवळजवळ समांतर हवा. पाट्यांच्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर डिफरन्शियलचं नाक थोडं वर उठतं, म्हणून ते उभ्या गाडीत १ अंश कमीच ठेवायचं. प्रत्येक जॉइंटचा शाफ्टशी होणारा कोन ३ अंशांच्या आत असावा, पण अगदी शून्यही नको. शून्य कोनात क्रॉसच्या बेअरिंगच्या सुया फिरत नाहीत आणि एकाच जागी खड्डे पाडतात. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (क्रॉसला धरणारे चिमटे) एका रेषेत आहेत ना, ते बघा. कापून जोडलेल्या शाफ्टमध्ये हमखास चुकतं ते हेच. शाफ्ट दोन तुकड्यांचा असेल तर पुढचा तुकडा गिअर बॉक्सच्या सरळ रेषेत जितका जाईल तितका न्या. मोजमाप गाडी चाकांवर उभी असताना आणि पुढे दोन माणसं बसवून घ्या, जॅकवर लटकत असताना घेतलेल्या आकड्याला काही अर्थ नाही. पाचर उलटी लागली तर फरक कमी होण्याऐवजी वाढतो, घट्ट करण्याआधी पुन्हा मोजा.

थरथर इंजिनाची की शाफ्टची, हे ओळखायला मोकळ्या रस्त्यावर वेग घ्या, न्यूट्रल करा आणि इंजिन आयडलवर येऊ द्या. थरथर वेगाबरोबर राहिली तर शाफ्ट किंवा चाकं, गेली तर इंजिनाचं फाउंडेशन. हे न करता थेट बॅलन्सिंगला धावणाऱ्यांच्या खिशावरच लेथवाले जगतात.

पेट्रोलची लाइन: इथे जुगाड नको

कार्ब्युरेटरच्या यांत्रिक पंपाचा दाब पाव बारच्या आसपास. इंजेक्शनचा सुमारे ३ बार, म्हणजे दहा-बारा पट. जुनीच रबरी नळी आणि स्क्रूची साधी क्लिप ठेवून वर नवा पंप लावला, तर आज ना उद्या एक्झॉस्टच्या शेजारी पेट्रोलचा फवारा उडणारच. नळी इंजेक्शनसाठीचीच, क्लिप गुळगुळीत कडेची, आणि जिथे जमेल तिथे लोखंडी पाइप.

टाकीकडे परत जाणारी लाइन लागते. जुन्या टाकीला ती नसते, त्यामुळे नवं तोंड ब्रेझ करावं लागतं. त्याआधी टाकी काढा, उकळत्या पाण्याने धुऊन पूर्ण कोरडी करा, आतला गंज बाहेर काढा. पेट्रोलचा वास येणाऱ्या टाकीजवळ गॅसची ज्योत नेणाऱ्याला काय सांगायचं? जुन्या टाकीत आडपडदे नीट नसतील तर पाव टाकीवर वळणात पंप हवा ओढतो आणि इंजिन झटके देतं. लिटरभराचा स्वर्ल पॉट (पंपासाठी पेट्रोल साठवणारा छोटा डबा) मध्ये बसवला की प्रश्न संपतो.

आणि पंप थेट इग्निशनला जोडू नका. तो ईसीएमच्या रिलेमधूनच चालला पाहिजे, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही थांबतो. थेट जोडला तर गाडी उलटली तरी तो पेट्रोल फेकतच राहील.

वायरिंग

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर इंजिन उतरवून देणारा कटरने वायरिंग वीतभर ठेवून कापतो, कारण त्याला घाई असते. आपण तिथे उभे असाल तर थांबवा. ईसीएमपासून सेन्सरपर्यंत अखंड वायरिंगचे थोडे जास्त पैसे द्यावे लागले तरी द्या. पन्नासेक तारा एकेक करून जोडत बसण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त. इमोबिलायझरचं (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणाऱ्या यंत्रणेचं) मॉडेल असेल तर किल्ली, ईसीएम आणि इमोबिलायझरचा डबा एकाच गाडीचे हवेत.

इंजिन रबरी फाउंडेशनवर बसतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं असतं. ब्लॉक ते बॉडी आणि बॅटरी ते बॉडी, अशा बोटाएवढ्या जाड अर्थच्या पट्ट्या घाला, रंग खरवडून. नाहीतर स्टार्टरचा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. स्टार्ट मारताना ती केबल गरम लागली किंवा धूर निघाला, तर दोष केबलचा नाही.

वेल्डिंगआधी बॅटरी आणि ईसीएम दोन्ही सोडवा. दर वेळी.

बाकीच्या, थोडक्यात

फाउंडेशनची ब्रॅकेट पद्मिनीच्या पातळ पत्र्यावर थेट वेल्ड करू नका, पत्रा फाटतो. ३ मिमीची रुंद प्लेट खाली घालून वजन पसरवा.

इंजिनाभोवती सगळीकडे किमान २० मिमी मोकळं सोडा आणि स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघा.

स्टीअरिंगजवळचा हँडल गिअर जाऊन जमिनीवरचा गिअर येणार. लांब सलग सीट लावून बघितल्याशिवाय फ्लोअर कापू नका.

ॲल्युमिनियमच्या इंजिनात नळाचं पाणी घालू नका, निम्मं कूलंट निम्मं डिस्टिल्ड पाणी. रेडिएटरचं झाकण इंजिनाच्या पाण्याच्या तोंडापेक्षा खाली राहत असेल तर हवा अडकणारच. हेडर टँक (कूलंटची वेगळी टाकी) सगळ्यात उंच जागी लावा.

रंगकाम सगळ्यात शेवटी. आधी रंग करून मग इंजिन उतरवणाऱ्यांना दोनदा रंग करायची हौस असते, असं समजायचं.

ब्रेक

चारही चाकांना ड्रम, आणि ताकद दुप्पट. ८० ऐवजी ११० ने जाणाऱ्या गाडीला थांबवायला ब्रेकला जवळपास १.९ पट ऊर्जा गिळावी लागते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ड्रम एकदा जोरात दाबल्यावर थांबवतात. खंबाटकी घाट उतरताना चौथ्यांदा दाबल्यावर पॅडल कडक राहतं आणि गाडी पुढे जातच राहते. पुढे डिस्क, सोबत पायाचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर, आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असेल तर दोन सर्किटचा टँडम. डिस्कला ड्रमपेक्षा जास्त ऑइल लागतं, त्यामुळे जुनाच सिलिंडर ठेवला तर पॅडल जमिनीला टेकतं. सगळ्या लवचीक नळ्या नव्या, लोखंडी पाइप गंजलेला असेल तर तोही. हे काम इंजिन विकत घेण्याआधी करा. ब्रेक झालेली पद्मिनी जुन्या इंजिनावरही मजेत चालते, आणि अर्ध्या लोकांची हौस तिथेच भागते.

पहिल्या स्टार्टला प्लग काढून, इंजेक्टर आणि कॉइलचे कनेक्टर सोडवून, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर मारा, दर वेळी दहा सेकंदांहून जास्त नाही. मगच प्लग लावा. एक माणूस पेट्रोलच्या जोडांवर टॉर्च धरून, दुसऱ्याच्या हातात आग विझवायचा सिलिंडर, आणि तिसरा किल्लीवर. व्हिडिओ काढायला चौथा आणा.