पीएल दिव्याचा चोक: निवडावा कसा आणि जुन्या सीएफएलमधून जुळवावा कसा

ठाण्यातल्या जुन्या सोसायट्यांच्या जिन्यांत आणि वाशी-कोपरखैरण्यातल्या दुकानांच्या फॉल्स सीलिंगमध्ये अजूनही पीएल दिवे, म्हणजे दुमडलेल्या नळीचे आणि पिनांनी बसणारे छोटे फ्लोरोसंट दिवे, आहेत. या दिव्यांचा चोक नळीपासून वेगळा असल्यामुळे तो एकटा बदलता येतो. मात्र दुकानात जाऊन नुसते ‘अकरा वॉटचा चोक द्या’ म्हणणे पुरेसे नाही. नळीतला वायू एकदा पेटला की प्रवाह वाढेल तसा त्याचा रोध घटत जातो, आणि त्या प्रवाहाला आवर घालणे हेच चोकचे काम असल्याने निवड वॉटपेक्षा अँपिअरवरून करावी.

प्रथम एमसीबी बंद करून, टेस्टरने खात्री करून नळी काढावी आणि पिना मोजाव्यात. दोन पिनांच्या नळीत स्टार्टर बुडातच बसवलेला असतो, म्हणून तिला लोखंडी चोकच (लोखंडी गाभ्यावर तार गुंडाळलेला) लावावा. इलेक्ट्रॉनिक चोकशी त्या स्टार्टरचे जुळत नाही. चार पिनांच्या नळीत दोन्ही फिलामेंटची टोके बाहेर आलेली असतात, आणि इलेक्ट्रॉनिक चोक तिच्यासाठीच असतो.

नंतर चोकवरचा छाप वाचावा. 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ आणि सुमारे 0.17 अँपिअर असे असेल, तर तो एकच चोक 9 आणि 11 वॉट या दोन्ही दोन-पिनी नळ्यांना चालतो. हे विचित्र वाटते, पण हिशेब साधा आहे. 9 वॉटच्या नळीवर सुमारे 60 व्होल्ट पडतात आणि 11 वॉटच्या नळीवर सुमारे 90. उरलेला दाब चोकने पेलायचा म्हटले, तर दोन्ही वेळा त्याचे इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवण्याची क्षमता) 4 हेन्रीच्या आसपासच निघते. एवढे इंडक्टन्स घरी तार गुंडाळून, गाभ्यात नेमकी फट ठेवून साधणे हा खटाटोप मी कुणाला सुचवणार नाही. लोखंडी चोक विकतच घ्यावा.

चार-पिनी नळीसाठी मात्र बंद पडलेल्या सीएफएलमधले, म्हणजे होल्डरमध्ये बसणाऱ्या घरगुती दिव्यातले, सर्किट वापरता येते, कारण तो इलेक्ट्रॉनिक चोकच असतो. त्याचे वॉट नळीइतकेच असावेत. दिवा उघडताना काच अजिबात धरू नये. प्लास्टिकच्या सांध्यात पातळ स्क्रू-ड्रायव्हर फिरवत टोपी सैल करावी. काच फुटलीच तर खिडक्या उघडाव्यात, कारण आत थोडा पारा असतो, आणि तुकडे झाडूऐवजी जाड कागदाने गोळा करावेत. सर्किट सुटल्यावर मल्टिमीटरने दोन्ही फिलामेंट तपासावीत. त्यांतले एक तुटलेले असेल, तर बहुधा नळी गेली आहे आणि सर्किट शाबूत आहे. त्यावरचा 400 व्होल्टचा कपॅसिटर फुगलेला किंवा ट्रान्झिस्टरभोवतीची सर्किटची पाटी करपलेली दिसली, तर सर्किटही टाकून द्यावे.

वीज काढल्यानंतरही या कपॅसिटरमध्ये 325 व्होल्टपर्यंत दाब उरू शकतो. एकदा घाईत तो विसरलो आणि स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकावर ‘फट्’ असा आवाज झाला. टोक अजून खड्डा पडलेलेच आहे. इन्सुलेशन असलेल्या पक्कडीत 10 किलोओहमचा रेझिस्टर धरून तो काही सेकंद टोकांना लावावा आणि मग मीटरने पाहावे. सर्किट मेन लाइनपासून विलग नसल्याने चालू स्थितीत त्याच्या कोणत्याही भागाला हात लावू नये.

सर्किटच्या चार तारांच्या दोन जोड्या असतात. एक जोडी एका फिलामेंटला, दुसरी दुसऱ्याला जाते. जोडीतल्या दोन तारा उलटसुलट झाल्या तरी चालते, पण एका जोडीची तार दुसरीत गेली तर चालत नाही. मी प्रत्येक जोडीला वेगळ्या रंगाची टेप लावतो. नळीच्या तारा शक्य तितक्या आखूड ठेवाव्यात.

पहिल्यांदा वीज देताना 60 वॉटचा जुना तापदीप (तारेचा) बल्ब सिरीजमध्ये लावावा. तो लख्ख पेटून तसाच राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे. क्षणभर उजळून मंद झाला आणि नळी पेटली, तर जोडणी बरोबर आहे. मग सर्किट हवेशीर, ज्वाला न पकडणाऱ्या डबीत बंद करावे. खाडीकाठच्या दमट हवेत पितळी टर्मिनलवर हिरवा थर चढतो, म्हणून पावसाळ्यापूर्वी स्क्रू पुन्हा आवळावेत. बसवल्यावर तासभर दिवा चालवून, एमसीबी बंद करून डबीला हात लावून पाहावा. हात टिकत नसेल, तर डबीला छिद्रे वाढवावीत किंवा तिची जागा बदलावी.